अंबडची एक भट्टी आणि हायड्रोजनमागचा कार्बन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्याचं हे प्रकरण आहे. तिथे लोखंडाच्या भुकटीपासून लहान गिअर, बुश, पिस्टन असे वाहनांचे सुटे भाग बनतात. भुकटी साच्यात दाबायची आणि दाबलेला भाग जाळीच्या पट्ट्यावर ठेवून सुमारे ११२० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून सावकाश न्यायचा, याला सिंटरिंग म्हणतात. भट्टीत हवा शिरून चालत नाही, माल काळा पडतो आणि कमजोर निघतो. म्हणून हायड्रोजन आणि नायट्रोजनचं मिश्रण आत रात्रंदिवस सोडावं लागतं. मालकांच्या इच्छेनुसार कारखान्याचं नाव देत नाही, आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. ऊर्जा लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय, त्या नात्याने मी या कामात होतो.

सुरुवात एका प्रश्नावलीपासून झाली. युरोपातल्या ग्राहकाने विचारलं होतं की एक किलो माल बनवताना कार्बन डायऑक्साइड किती होतो. विजेचा रकाना भरला, डिझेलचा भरला. भट्टीतल्या वातावरणाच्या रकान्यापाशी गाडी अडली. मालक म्हणाले, "सर, आपण अमोनिया वापरतो. अमोनियात नायट्रोजन आणि हायड्रोजन. त्यात कार्बन आहेच कुठे? शून्य लिहून टाकू."

शून्य लिहिता येणार नव्हतं. कारखान्यात अमोनियाचा क्रॅकर आहे. अमोनिया तापवून, निकेलच्या उत्प्रेरकावरून नेऊन फोडला की तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन मिळतो. पण तो अमोनिया जिथे बनला तिथे त्यातला हायड्रोजन सहसा नैसर्गिक वायू वापरून काढलेला असतो. वायूवर चालणाऱ्या कारखान्यात एक टन अमोनियामागे साधारण १.८ ते २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. टाकीतून उतरणाऱ्या अमोनियात कार्बन नसतो तो एवढ्यासाठीच, की तो आधीच कुठल्या तरी दूरच्या चिमणीतून हवेत गेलेला असतो.

हिशेब मांडला तो असा. भट्टीला ताशी ३० घनमीटर वायू लागतो. त्यात ७५ टक्के हायड्रोजन, म्हणजे दिवसाला जवळपास ४८ किलो. त्यासाठी रोज पावणेतीनशे किलोच्या आसपास अमोनिया फोडावा लागतो. अमोनियाच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड दिवसाला अर्धा टन. क्रॅकर तापवायला आणखी २९० युनिट वीज. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला जातो, म्हणजे आणखी दोनशे किलो. एकूण ७०० किलो रोज, आणि तेही ज्या रकान्यात शून्य लिहायचं म्हणत होतो त्यात.

मालकांनी हे मनावर घेतलं, याचं मला फार बरं वाटलं. पुढच्या बैठकीला ते एका प्रदर्शनातून आणलेलं माहितीपत्रक घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं: मिथेनपासून हायड्रोजन, धूर नाही, फक्त काळी भुकटी. मिथेन हा नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, आणि त्या गॅसची वाहिनी त्यांच्या रस्त्यापर्यंत यायची होतीच. "अमोनियाची टाकी काढून टाकू, पाइपचा गॅस घेऊ आणि इथेच हायड्रोजन बनवू. जमेल ना?" असा त्यांचा प्रश्न होता. अमोनियाची टाकी जाणं ही एकच गोष्ट कामगारांसाठी मोठी होती. गळतीच्या वासाने शेड रिकामी करावी लागण्याचा अनुभव तिथल्या जुन्या लोकांना आहे. तेव्हा हा पर्याय नीट तपासायचं ठरलं.

हायड्रोकार्बनमधून हायड्रोजन काढायच्या वाटा

जुनी आणि जगभर चालणारी वाट म्हणजे वाफेने मिथेन फोडणं, स्टीम रिफॉर्मिंग. आठशे-नऊशे अंशांवर, निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेन आणि वाफ एकत्र आणली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतो. त्या मोनॉक्साइडला पुन्हा वाफ दिली की आणखी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. या पद्धतीची एक खुबी सहसा कुणी सांगत नाही: निम्मा हायड्रोजन मिथेनमधून येतो आणि निम्मा पाण्यातून. म्हणून एक किलो हायड्रोजनला साडेतीन किलोच्या आसपास वायूत काम भागतं. रासायनिक समीकरणाने किलोमागे साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड होतो. भट्टी तापवायचा वायू धरला की तो ९ ते १० किलोवर जातो.

हीच पद्धत स्वच्छ करायची तर तो कार्बन डायऑक्साइड पकडायचा. त्यातला साधारण ६० टक्के भाग प्रक्रियेच्या नळीतच, दाबाखाली आणि दाट असतो. तो पकडणं जमण्यासारखं आहे आणि जमलेलंही आहे. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरला २०१३ पासून आणि कॅनडात अल्बर्टामध्ये २०१५ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास पकडला जातो. उरलेला ४० टक्के तापवणाऱ्या बर्नरच्या धुरात विरळ पसरलेला असतो, आणि खर्च खरा तिथे वाढतो. अशा प्रकल्पाचं ९० टक्के पकडल्याचं वाक्य वाचलं की मी आधी विचारतो, नव्वद टक्के कशाचे? नळीतल्या वायूचे की पूर्ण कारखान्याचे?

नाशिकपुरतं बोलायचं तर पकडून ठेवणार कुठे हाही प्रश्न होताच. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बसाल्ट आहे. आइसलंडमध्ये हेलिशेडी इथे पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बसाल्टात सोडला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत खनिज होऊन दगडात बसला. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये हजार टनांच्या आसपास वायू कोलंबिया नदीखोऱ्याच्या बसाल्टात सोडून पाहिला गेला. आपल्या खडकावर असं काम व्हावं, आपल्या विद्यापीठांनी ते हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पण आइसलंडच्या पद्धतीत एक टन वायू जिरवायला पंचवीसेक टन पाणी लागतं. आणि अंबडच्या एका शेडमधला रोजचा अर्धा टन वायू जिरवायला कोणी स्वतंत्र विहीर खणणार नाही. त्यामुळे रिफॉर्मिंग आणि पकड हा पर्याय आम्ही त्याच बैठकीत बाजूला ठेवला.

राहिलं ते माहितीपत्रकातलं मिथेन पायरोलिसिस. हवा नाही, वाफ नाही, मिथेनला नुसती उष्णता द्यायची. एक किलो हायड्रोजन आणि तीन किलो घट्ट कार्बन. प्राणवायूच नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड बनायला जागाच नाही. कागदावर ही प्रक्रिया फार देखणी आहे. एक मोल, म्हणजे दोन ग्रॅम, हायड्रोजन सुटायला ३७ किलोज्यूल पुरतात. पाणी फोडून तेवढाच हायड्रोजन मिळवायला २८६ लागतात.

इथे मालकांनी विचारलं, "मग सगळं जग हेच का करत नाही?"

पहिलं कारण कार्बनच. तो तापलेल्या भिंतींवर बसतो, नळ्या चोंदवतो, उत्प्रेरकावर थर धरतो आणि काम थांबवतो. गेल्या तीस वर्षांतलं बरंच संशोधन या एका अडचणीभोवती फिरलं आहे. कुणी वितळलेल्या धातूतून मिथेनचे बुडबुडे सोडले, म्हणजे कार्बन वर तरंगतो आणि काढून घेता येतो. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा विद्यापीठात निकेल-बिस्मथच्या वितळलेल्या मिश्रधातूत १०६५ अंशांवर ९५ टक्के मिथेन फुटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कुणी तापलेल्या कार्बनच्याच कणांचा सरकता थर वापरला, तर कुणी स्वस्त लोहखनिज उत्प्रेरक म्हणून घातलं आणि ते कार्बनबरोबर जाऊ दिलं. नॉर्वेच्या क्वार्नर कंपनीने १९९० च्या दशकात प्लाझ्माने, म्हणजे विजेने अतितप्त केलेल्या वायूने, हे काम केलं. त्या पद्धतीचा कारखाना कॅनडात क्वेबेकमध्ये उभा राहिला आणि २००३ मध्ये बंद पडला. त्यानंतर अमेरिकेत नेब्रास्कातल्या हॅलमला मोनोलिथ कंपनीचा प्लाझ्मा कारखाना उभा राहिला. त्याचा विक्रीचा मुख्य माल म्हणजे टायर आणि रबरात घालायची बारीक काजळी, कार्बन ब्लॅक.

दुसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि या प्रकरणात निकाल त्यानेच लावला. नॉर्वे आणि क्वेबेक या दोन्ही ठिकाणची वीज धरणांची आहे. आपली बहुतांश कोळशाची. प्लाझ्मा पद्धतीत किलोभर हायड्रोजनला प्रत्यक्षात १० ते १५ युनिट वीज जाते. आपल्या ग्रिडच्या हिशेबाने ती ७ ते साडेदहा किलो कार्बन डायऑक्साइड झाली. म्हणजे यंत्राला चिमणी नाही, पण एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून जवळपास तेवढाच धूर निघाला, जेवढा वाफेच्या जुन्या पद्धतीत निघतो. पाण्याच्या इलेक्ट्रोलिसिसची, म्हणजे विजेने पाणी फोडण्याची, गत याहून वाईट. किलोला ५५ युनिट धरले तर ग्रिडच्या विजेवर ३८ किलो. इलेक्ट्रोलायझर म्हटलं की डोळे झाकून हिरवा समजणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी किलोमागे २ किलोची मर्यादा घातली आहे. ग्रिडच्या विजेवर कुठलीच वाट तिच्या जवळपास जात नाही.

यावर उपाय आहे. विजेऐवजी बनलेल्या हायड्रोजनचाच एक हिस्सा जाळून भट्टी तापवायची. सिद्धांताने १५ टक्के पुरतो, प्रत्यक्षात जास्त जातो. धूर म्हणून फक्त पाण्याची वाफ. पण मग किलोभर हायड्रोजनला चारऐवजी पाच किलो किंवा त्याहून जास्त मिथेन लागतो आणि तिसरी गोष्ट पुढे येते: गळती. विहिरीपासून वाहिनीपर्यंत समजा दीड टक्का मिथेन निसटला, तर पाच किलोमागे ७५ ग्रॅम. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तीसेक पट तापवतो, म्हणजे सव्वादोन किलो. वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशी पट, म्हणजे सहा किलो. आपल्या देशात निम्म्याच्या आसपास वायू बाहेरून येतो, द्रवरूप करून, जहाजात भरून. त्या प्रवासाची किंमत वेगळी. नुसत्या गळतीनेच दोन किलोची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

भुकटीचं पोतं

कार्बन कुठे जाणार, हा प्रश्न फर्नेसवरच्या आबांनी विचारला. आबा तिथले जुने सुपरवायझर. माहितीपत्रकासोबत भुकटीची लहान पुडी आली होती. त्यांनी ती कागदावर उघडली. बोट टेकवताच बोटाच्या रेघांत ती भुकटी बसली, साबणाने धुऊनही नखांच्या कडेला राहिली, आणि पंख्याच्या वाऱ्याने उडालेला चिमूटभर भाग टेबलावरच्या पांढऱ्या नकाशावर पसरला. आबा म्हणाले, "साहेब, रोजची किती निघणार ही?"

रोजची दीडशे किलो. दाणेदार न केलेला असा कार्बन इतका हलका असतो की दीडशे किलोला दीड घनमीटरहून जास्त जागा लागेल. आणि शेजारच्या शेडमध्ये लोखंडाची भुकटी ग्रॅमच्या हिशेबात ग्राफाइट घालून मिसळली जाते. तिथे बाहेरचा कार्बन उडून गेला तर मालाची रचनाच बदलेल. आबांचा प्रश्न मी अहवालात पहिल्या पानावर घेतला, कारण हायड्रोजनच्या साऱ्या चर्चेत तो सगळ्यात कमी विचारला जातो.

विकता येईल का? सातपूरपासून छत्रपती संभाजीनगरच्या बाजूपर्यंत रबर वापरणारे कारखाने आहेत. पण टायरचा कार्बन ब्लॅक ठरावीक कणाच्या आकाराचा, ठरावीक पृष्ठभागाचा लागतो आणि खरेदीदार प्रत्येक खेपेची कसोटी घेतात. तापमान किंवा उत्प्रेरक बदलला की भुकटीही बदलते. चांगली निघाली तर फायदा दुहेरी आहे, कारण नेहमीचा कार्बन ब्लॅक जड तेल अर्धवट जाळून बनतो आणि त्यात किलोमागे दोन-तीन किलो कार्बन डायऑक्साइड जातो. पण जगाची हायड्रोजनची गरज २०२२ मध्येच साडेनऊ कोटी टनांच्या घरात होती. सगळा या पद्धतीने बनवला तर अठ्ठावीस कोटी टनांहून जास्त कार्बन निघेल, आणि कार्बन ब्लॅकची बाजारपेठ दीड कोटी टनांच्या आसपास. उरलेला पुरायचा किंवा बांधकामात घालायचा. जाळायचा मात्र नाही: तीन किलो कार्बन जळला की अकरा किलो कार्बन डायऑक्साइड, आणि सगळी मेहनत वाया. मिथेनमधली निम्मी उष्णता त्या भुकटीत अडकलेली असते, त्यामुळे ती इंधन म्हणून विकायचा मोह होणार हे मला स्पष्ट दिसतं. म्हणून मी मालकांना लेखी सांगितलं की भुकटीच्या खरेदीदाराचा करार हातात नसताना यंत्राची ऑर्डर देऊ नका.

४८ किलो कशाला?

या सगळ्या आकडेमोडीत एक दिवस भट्टीच्या तोंडाशी उभे होतो. तिथे वायू बाहेर येताना सतत जळत ठेवावा लागतो, म्हणजे हवा आत शिरत नाही. शुद्ध हायड्रोजनची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून शेजारी एलपीजीची पायलट ज्योत ठेवलेली असते. आबा हात लांब धरून तिची धग दाखवत होते. रोजच्या ४८ किलोंपैकी धातूवरचा गंज उतरवायला खर्च होतो तो अगदी थोडा. बाकीचा बहुतेक सगळा या तोंडाशी जळून जातो.

लोखंडाच्या भागांना ७५ टक्के हायड्रोजन लागत नाही. नव्वद टक्के नायट्रोजन आणि दहा टक्के हायड्रोजनवर जगातल्या असंख्य सिंटरिंग भट्ट्या चालतात. अट एकच: वायू अतिशय कोरडा हवा. हायड्रोजन कमी झाला की ओलाव्याला माफी उरत नाही. ड्यू पॉइंट, म्हणजे वायूतला ओलावा दवासारखा जमू लागतो ते तापमान, उणे चाळीस अंशांच्या खाली टिकवावा लागतो, पडदे, सील, पाण्याची जॅकेट सगळं घट्ट असावं लागतं. क्रॅकरमुळे भट्टीतल्या लहानसहान गळत्या आजवर खपून गेल्या होत्या. त्या शोधून बुजवायचं काम आबांच्या लोकांनी केलं, आणि या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं.

नवा हिशेब: हायड्रोजन दिवसाला साडेसहा किलो. नायट्रोजन जागेवरच हवेतून वेगळा करायचा, त्याला घनमीटरमागे ०.७ युनिट, म्हणजे रोज ४५० युनिट. साडेसहा किलो हायड्रोजनचे, जुन्या पद्धतीचा धरला तरी, ६५ किलो. विजेचे ३१५. मिळून ३८०. सातशेवरून थेट निम्म्याच्या जवळ, आणि नवीन कुठलीही जादूची पद्धत न आणता. शिवाय उरलेल्यातला मोठा वाटा आता विजेचा आहे, आणि विजेवर छपराची सौर पॅनेल काम करतात. रोजचे ४५० युनिट सरासरीने मिळवायला सव्वाशे किलोवॅटच्या आतबाहेर पॅनेल लागतात, तेवढी जागा त्या शेडवर आहे. ४८ किलो हायड्रोजन पाणी फोडून बनवायचा तर त्याच्या पाच-सहा पट लागली असती आणि छप्पर पुरलं नसतं.

साडेसहा किलो हायड्रोजन सिलिंडरने येतो. रोजची दहा-बारा सिलिंडर, त्यांच्या साठवणुकीचे पेसोचे (स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे) नियम, वेगळी जाळीची खोली, हे आलंच. इथे पुरवठादाराला एकच प्रश्न विचारायला मी सांगितलं: तुमचा हायड्रोजन बनतो कशातून? आपल्याकडे बाजारातला काही हायड्रोजन कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत जोडउत्पादन म्हणून निघतो, एक टन सोड्यामागे २५ किलो. एरवी हवेत सोडला जाणारा तो हायड्रोजन वापरात आला तर त्याचा कार्बनचा बोजा वायूपासून बनवलेल्यापेक्षा फार कमी धरता येतो. उत्तर लेखी हवं, तोंडी चालणार नाही, कारण युरोपातला ग्राहक ते कागदावर मागतो.

मग पायरोलिसिसचं काय?

मी तो पर्याय नाकारलेला नाही. एका शेडसाठी नाकारला आहे. नाशिकसाठी त्याची योग्य जागा गॅसच्या वाहिनीवर नसून कुजणाऱ्या कचऱ्यापाशी आहे, असं माझं ठाम मत आहे. बायोगॅसमधला कार्बन काही महिन्यांपूर्वी हवेतून पिकाने घेतलेला असतो. तो भुकटी होऊन जमिनीत किंवा रबरात बसला, तर किलोभर हायड्रोजनमागे अकरा किलो कार्बन डायऑक्साइड हवेतून कायमचा कमी होतो. इथे तपासलेली बाकी कुठलीही वाट हे देत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ हेझर कंपनीने सांडपाणी केंद्रातल्या बायोगॅसवर, लोहखनिजाच्या उत्प्रेरकाने, वर्षाला शंभर टनांच्या क्षमतेचं प्रात्यक्षिक केंद्र उभारलं आणि ते २०२४ च्या सुरुवातीला चालू झालं. दिवसाला पावणेतीनशे किलो. अंबड-सातपूरच्या साऱ्या भट्ट्या दहा टक्क्यांच्या मिश्रणावर आल्या, तर एवढा हायड्रोजन कितीतरी कारखान्यांना वाटून पुरेल.

आपल्याकडे सुरुवात करायला काहीच नाही असं नाही. पाथर्डीजवळ महापालिकेच्या खत प्रकल्पाच्या परिसरात, जर्मनीच्या सहकार्याने, हॉटेलांतला ओला कचरा आणि शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वायू काढायचं काम २०१७ मध्ये सुरू झालं. द्राक्षाचा चोथा आहे. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात सडलेला कांदा आहे.

कांद्याबाबत मात्र सावधगिरीची एक गोष्ट. कांद्यात गंधक असतं, त्यामुळे त्याच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त येतो, आणि निकेलचा उत्प्रेरक गंधकाने मरतो. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये एका कांदा प्रक्रिया कारखान्याने २००९ मध्ये कांद्याच्या रसापासून वायू आणि त्यातून फ्युएल सेलवर वीज बनवायला सुरुवात केली. तिथेही वायू आधी गंधकमुक्त करावा लागला. लोहखनिजाच्या पद्धतीत उत्प्रेरक स्वस्त आणि एकदाच वापरायचा असल्याने हा धोका पेलण्यासारखा आहे, पण वायू धुण्याची यंत्रणा हवीच. कांद्याचा वायू किती गंधक आणतो हे पावसाळी आणि उन्हाळी कांद्यावर वेगवेगळं मोजलं पाहिजे. ते मोजमाप कुठल्याही यंत्राच्या निविदेआधी व्हावं, अशी सूचना मी वसाहतीतल्या उद्योजकांपुढे ठेवली आहे.

कारखान्यापुरती आजची स्थिती अशी. बुश आणि साधे गिअर नव्या मिश्रणावर निघू लागले आहेत, कडकपणा आणि घनता जुन्याइतकीच येते. ज्या भागांत क्रोमियम आहे ते दहा टक्क्यांवर नीट उतरत नाहीत, कारण क्रोमियमचा ऑक्साइड हट्टी असतो. त्यांच्यासाठी हायड्रोजनचं प्रमाण वाढवून वेगळी खेप चालवावी लागते. त्यामुळे क्रॅकर अजून काढलेला नाही, अमोनियाची टाकीही तिथेच आहे. ती हलवायची तर क्रोमियमच्या खेपांना पुरेल एवढा हायड्रोजन सिलिंडरवर परवडतो का, याचा हिशेब सध्या चालू आहे. प्रश्नावलीतल्या त्या रकान्यात या वेळी आकडा गेला, आणि त्याखाली तो कसा काढला ते दोन पानांत लिहून जोडलं.